जुने चित्रदर्शक : त्यांची ओळख आणि त्यांचा शोध

आपल्या घराच्या माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागें किंवा जुन्या ट्रंकेच्या तळाशीं एखादा पत्र्याचा डबा बहुधा असतोच. त्यांत पुठ्ठ्याच्या अथवा काचेच्या चौकटींत बसविलेले चित्रांचे लहान लहान तुकडे असतात. उजेडाकडे धरले म्हणजे त्यांत नखाएवढीं माणसें दिसतात. तीं कोण, कोठलीं, हें मात्र ओळखूं येत नाहीं. या तुकड्यांना आपण ‘स्लाइड’ म्हणतों, आणि त्या पाहण्याचें जें हातांत धरावयाचें यंत्र, त्यास मी आज ‘चित्रदर्शक’ म्हणणार आहें. पुष्कळ घरांत डबा राहिलेला असतो आणि चित्रदर्शक नाहींसा झालेला असतो. तो कोणत्या जातीचा असावा हें कसें ओळखावें, आणि तसाच दुसरा कोठें व कसा शोधावा, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

मी कोणी यंत्रविशारद नव्हें. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन ३६ वर्षें मुलांना गणित व भूगोल शिकविलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. या विषयाकडे मी वळलों तो हौसेनें नव्हे, तर माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचें परिमार्जन करण्यासाठीं. ती चूक आधीं सांगतों.

माझे मामा १९५३ सालीं शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले व १९५६ सालीं परत आले. येतांना त्यांनीं दोन भिंगांचा एक कॅमेरा व त्याच्या जोडीचा चित्रदर्शक आणला. पुढें त्यांचें लग्न झालें, १९५९ सालीं पहिला मुलगा झाला, आणि मामांच्या कॅमेऱ्याला विषय मिळाला. तो मुलगा चार वर्षांचा होण्याआधींच तापानें गेला. त्यानंतर मामांनीं कॅमेरा विकून टाकला. चित्रदर्शक आणि स्लाइडांचा डबा मात्र मामींनीं कपाटांत ठेवून दिला. १९९१ सालीं मामा वारले. १९९८ सालीं वाडा पाडावयाचें ठरलें तेव्हां सामान आवरण्यास मी गेलों होतों. कपाटांत काळ्या रंगाची, दुर्बिणीसारखी दिसणारी एक जड वस्तु सांपडली. तिच्या पोटांत सेल फुटून हिरवट बुरा जमला होता. बटण दाबलें, कांहीं उजळलें नाहीं. मोडकें खेळणें समजून मीं ती वस्तु भंगारवाल्याच्या पोत्यांत टाकली. मामींना विचारलें नाहीं. विचारावें असें मनांतही आलें नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मामींनीं मला बोलावून डबा पुढें ठेवला आणि म्हणाल्या, “बाळ, याच्याबरोबरची ती दुर्बीण तेवढी काढून दे. एकदां बघीन म्हणतें.” मी काय उत्तर देणार? शोधून आणतों, एवढेंच म्हणालों, आणि शोधास लागलों. त्या शोधांत जें शिकलों तें आतां आपणांपुढें ठेवतों.

प्रथम एक लहानसा प्रयोग करा. रेडिओजवळ बसल्या बसल्या आपली तर्जनी नाकासमोर वीतभर अंतरावर उभी धरा. आधीं डावा डोळा मिटून पहा, मग उजवा मिटून पहा. मागच्या भिंतीच्या मानानें बोट जागा बदलतें असें दिसेल. आपले दोन डोळे एकमेकांपासून सुमारे अडीच इंच दूर असल्यामुळें प्रत्येकाला जग थोडें निराळें दिसतें; त्या दोन निराळ्या चित्रांचा मेंदू मेळ घालतो आणि जवळ-दूर कळतें. हें तत्त्व इंग्लंडांत चार्ल्स व्हीटस्टन यांनीं १८३८ सालीं आरशांच्या यंत्रानें सिद्ध करून दाखविलें. १८४९ सालीं डेव्हिड ब्रूस्टर यांनीं भिंगांची लहान पेटी सुचविली; १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनांत ती व्हिक्टोरिया राणीच्या नजरेस आली आणि थोड्याच काळांत घरोघर गेली. १८६१ सालीं अमेरिकेंत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीं दांडा धरून पाहण्याचें लाकडी यंत्र योजिलें व त्याचें पेटंट मुद्दाम घेतलें नाहीं. त्यामुळें तें कोणीही बनवूं लागला.

या सर्व यंत्रांस ‘स्टीरिओस्कोप’ म्हणतात. परंतु होम्सच्या यंत्रांत पाहावयाचीं तीं सुमारे ७ इंच लांब व साडेतीन इंच रुंद पुठ्ठ्यांवर चिकटविलेलीं कागदी चित्रें. स्लाइड म्हणजे पारदर्शक चित्र; तिला मागून उजेड लागतो. हा भेद पक्का लक्षांत ठेवावा. ज्या यंत्राला मागें दुधी काच किंवा आंत दिवा नाहीं, तें सहसा स्लाइडांसाठीं नव्हे. तसेंच पडद्यावर चित्र पाडणारा ‘मॅजिक लँटर्न’ ही निराळी जात. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९० च्या दशकांत ‘शांभरिक खरोलिका’ या नांवानें जे खेळ केले ते त्या जातीचे होत. तेथें एक चित्र शंभरजण पाहत. आपला चित्रदर्शक एका वेळीं एकाच माणसाचा.

आतां मुख्य गोष्ट. चित्रदर्शक हरवला असेल तर त्याची ओळख यंत्राच्या आठवणीवरून करूं नये, स्लाइडच्या मापावरून करावी. आठवण फसवते, फूटपट्टी फसवीत नाहीं. मीं पहिली चूक हीच केली. मामी ‘दुर्बीण’ म्हणाल्या, मला दुर्बिणीसारखा व्ह्यू-मास्टर आठवला, आणि तो विकत घेऊन घरीं आलों. मामांची एकही स्लाइड त्यांत बसेना.

मापांचे प्रकार असे. पहिला प्रकार दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर, लांबीरुंदीच्या चौरस चौकटीचा. मध्यें एकच चित्र. ३५ मिलिमीटर फिल्मचीं चित्रें अशा पुठ्ठ्याच्या चौकटींत तयार बसवून देण्याची पद्धत कोडॅक कंपनीनें १९३९ सालीं सुरू केली, आणि पुढें तीच सर्वत्र रूढ झाली. आपल्या घरांत सांपडणाऱ्या स्लाइडा बहुधा याच. यांचा चित्रदर्शक एका भिंगाचा असतो. साध्या प्रकारांत मागें दुधी पत्रा, तो खिडकीकडे धरावयाचा. दुसऱ्या प्रकारांत सेल व दिवा, आणि स्लाइड आंत दाबली कीं दिवा लागतो. अशा यंत्रांत खोली दिसत नाहीं, चित्र मोठें मात्र दिसतें. मीं दुसऱ्या खेपेस आणलेलें यंत्र हेंच होतें; तेंही चुकीचें ठरलें.

दुसरा प्रकार गोल चकतीचा. सुमारे साडेतीन इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या चकतींत कडेनें १४ लहान चित्रें. समोरासमोरचीं दोन मिळून एक जोडी, म्हणजे ७ देखावे. हा व्ह्यू-मास्टर. विल्यम ग्रूबर यांची ही कल्पना. अमेरिकेंतील पोर्टलंड येथील सॉयर्स कंपनीनें ती १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास बाजारांत आणली. १९३५ सालीं निघालेल्या कोडाक्रोम या रंगीत फिल्ममुळें ती शक्य झाली. याला खेळणें म्हणून हिणवूं नये. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें विमानें व जहाजें ओळखण्याच्या शिक्षणासाठीं हीं यंत्रें मोठ्या संख्येनें घेतलीं. आणि १९५२ पासून डेव्हिड बॅसेट या शरीरशास्त्रज्ञानें ग्रूबर यांच्या साह्यानें मानवी शरीररचनेचा संपूर्ण चित्रसंग्रह याच चकत्यांवर प्रसिद्ध केला.

व्ह्यू-मास्टरचें वय त्याच्या अंगलटीवरून कळतें. अगदीं पहिला नमुना गोल असून शिंपल्याप्रमाणें उघडतो. चकती आंत ठेवून मिटावयाचा. त्याचें प्लॅस्टिक काळानें वांकतें. १९४४ च्या सुमारचा दुसराही तसाच उघडतो, पण तो बॅकेलाइटचा, कठीण व जड. १९४६ पासूनचा चौकोनी वळणाचा, काळ्या किंवा तपकिरी बॅकेलाइटचा, त्यांत चकती वरच्या फटींतून टाकावयाची. टिकाऊपणांत याला तोड नाहीं. त्यानंतर आंत दिवा असलेले नमुने निघाले, आणि १९५९ पासूनचा हलक्या प्लॅस्टिकचा नमुना तर अनेकांच्या बाळपणाचा सोबती आहे. भारतांतही या यंत्रांचें उत्पादन झालें. सोयीची गोष्ट अशी कीं चकतीचें माप आजतागायत तेंच राहिलें. जुनी चकती नव्या यंत्रांत व नवी जुन्यांत चालते.

तिसरा प्रकार लांबट पट्टीचा. सुमारे १०१ मिलिमीटर लांब, ४१ मिलिमीटर रुंद, आणि तींत शेजारी शेजारी दोन जवळजवळ चौरस चित्रें. ही १९४७ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीनें काढलेल्या ‘स्टीरिओ रीअलिस्ट’ कॅमेऱ्याची पद्धत. सेटन रॉकवाइट हे त्याचे रचनाकार. १९५० च्या दशकांत या कॅमेऱ्यानें अमेरिकेंतील हौशी लोकांना वेड लावलें होतें, आणि कोडॅकसह अनेकांनीं याच मापाचे कॅमेरे व चित्रदर्शक काढले. डब्यांतली स्लाइड फूटपट्टीवर ठेवली, १०१ हा आंकडा वाचला, आणि मामांची ‘दुर्बीण’ म्हणजे काय तें मला प्रथम समजलें. हें काम पहिल्याच दिवशीं केलें असतें तर दोन यंत्रांचे पैसे व पुष्कळसा वेळ वांचला असता. चाळीस मुलांना मोजमाप शिकविणाऱ्या मास्तराला मोजण्याचें सुचूं नये, हें नवलच म्हणावयाचें.

चौथा प्रकार काचेचा. ४५ बाय १०७ मिलिमीटर, किंवा ६ बाय १३ सेंटिमीटर. हीं फ्रान्सकडचीं मापें. पॅरिसच्या ज्यूल रिशार यांच्या ‘व्हेरास्कोप’ कॅमेऱ्यानें १८९० च्या दशकापासून पहिलें माप लोकप्रिय केलें. याचे हातचे चित्रदर्शक बहुधा लाकडी असतात, मागें घासलेली काच असते. ४५ बाय १०७ ची काच रीअलिस्टच्या यंत्रांत जात नाहीं. बळेंच घातल्यास फुटते. पांचवा प्रकार फिल्मच्या पट्टीचा. अमेरिकेंतील ‘ट्रू-व्ह्यू’ कंपनीनें १९३० च्या दशकांत तो चालविला. ३५ मिलिमीटरची कृष्णधवल पट्टी एका बाजूनें घालून दुसऱ्या बाजूनें ओढावयाची. १९५१ सालीं ही कंपनी सॉयर्सनें विकत घेतली.

ओळख पटल्यावर शोध. माझी सूचना अशी कीं जाड पुठ्ठ्याचे तुकडे आपल्या स्लाइडच्या मापानें कापून खिशांत ठेवावे. मूळ स्लाइड बाजारांत नेऊं नये; ती हरवली तर दुसरी नाहीं. पुण्याचा जुना बाजार रविवारीं व बुधवारीं भरतो. मुंबईस चोर बाजारांत मटण स्ट्रीटच्या दुकानांतून जुने कॅमेरे असतात. तेथें ‘स्टीरिओ व्ह्यूअर’ म्हणून विचारल्यास पुष्कळदां मान हलते. ‘दुर्बीण’, ‘बायोस्कोप’, ‘डब्बेवाला कॅमेरा’ असें विचारावें, आणि दुकानदार नाहीं म्हणाला तरी दुर्बिणींचा ढीग स्वतः चाळावा. खऱ्या दुर्बिणींत पुढेंही भिंगें असतात. चित्रदर्शकांत डोळ्यांकडे भिंगें आणि पुढें दुधी पत्रा किंवा बंद पेटी. आजकाल घरबसल्या इंटरनेटवरही अशा वस्तु मिळतात; तेथें घेतांना विक्रेत्याकडे स्लाइड शिरण्याच्या फटीची लांबी मोजून मागावी आणि भिंगांतून घेतलेला फोटो मागावा.

वस्तु हातीं आल्यावर चार गोष्टी पाहाव्या. एक, भिंगें. उजेडाकडे धरून आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसल्यास ती बुरशी. आपल्या दमट हवेंत ती फार होते. वरवरची पुसली जाते, खोल गेलेली कांचेवर डाग ठेवते. दोन, दोन्ही डोळ्यांना एकाच वेळीं एकच चित्र दिसतें कीं दुहेरी? दुहेरी दिसल्यास भिंगें सरकलेलीं आहेत. असें यंत्र डोकेदुखी देतें. तीन, स्पष्टपणा जमविण्याचा खटका फिरतो का. चार, सेलांची पेटी. आणि येथें माझ्यासारखी चूक करूं नका. बुरा जमला म्हणजे यंत्र मेलें असें नव्हे. कोरड्या जुन्या ब्रशानें बुरा झाडून पत्र्याचीं टोंकें बारीक पॉलिशपेपरनें घासलीं आणि दिवा बदलला, तर बहुधा तें पुन्हा चालूं होतें. हें काम अर्ध्या तासाचें आहे. बुरा झाडतांना नाकातोंडावर फडकें बांधावें, आणि सेल यंत्रांत ठेवून यंत्र कपाटांत कधीं ठेवूं नये.

स्लाइडांविषयीं दोन शब्द. त्या ओल्या फडक्यानें पुसूं नयेत. धूळ फुगाऱ्यानें उडवावी. कोडाक्रोमचे रंग अंधारांत फार वर्षें टिकतात, म्हणून पत्र्याचा डबा हेंच त्यांचें योग्य घर, मात्र तें कोरड्या जागीं असावें. व्ह्यू-मास्टरच्या कांहीं उत्तरकालीन चकत्या मात्र लालसर झालेल्या आढळतात. तो फिल्मचा दोष, यंत्राचा नव्हे. कोडाक्रोमचें उत्पादन २००९ सालीं बंद झालें; म्हणून जें आहे तेंच जपावयाचें. आणखी एक. कोणी स्लाइडा पुन्हा चौकटींत बसवितांना डावें-उजवें उलटें केलें, तर जवळचें दूर व दूरचें जवळ दिसूं लागतें. मघांचा बोटाचा प्रयोग आठवा : उजव्या डोळ्याच्या चित्रांत जवळची वस्तु मागच्या देखाव्याच्या मानानें डावीकडे सरकलेली असली पाहिजे. नसेल तर चित्रें उलट बसलीं आहेत असें समजावें.

आतां शोधाचा शेवट सांगून आपली रजा घेतों. लाल बटणाचा, काळा, जड असा रीअलिस्टचा चित्रदर्शक मला अखेर मुंबईस दुर्बिणींच्या ढिगांत सांपडला. साफ केला, दिवा घातला, आणि मामींकडे गेलों. पण या खटाटोपांत दोन वर्षें गेलीं होतीं, आणि त्या दोन वर्षांत मामींच्या उजव्या डोळ्याचा पडदा निकामी झाला होता. त्यांना तें मला कळविण्यासारखें वाटलें नव्हतें. चित्रदर्शक डोळ्यांना लावून त्यांनीं बटण दाबलें. बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “दिसतोय रे. पण पूर्वीसारखा पुढें येत नाहीं.” एका डोळ्यास खोली कळत नाहीं, हें मी मुलांना वर्गांत शिकवीत आलों होतों. त्या वेळीं मात्र कांहींच बोलवेना.

त्यांनीं यंत्र माझ्या हातीं दिलें. “तूं बघ, आणि मला सांग.” मीं पाहिलें. वाड्याचा चौक, उन्हाची वेळ. पायरीवर मुलगा बसला आहे, हातांत कसलें तरी पान. मागें तुळशीवृंदावन. तें चित्र माझ्या पुतण्यानें संगणकावर घेऊन पूर्वीं मला दाखविलें होतें. त्यांत वृंदावनाच्या कडेला एक हिरवी पट्टी दिसे, ती आम्ही रंगाचा डाग समजत होतों. चित्रदर्शकांत ती पट्टी वृंदावनाच्या चांगली हातभर मागें गेली. ती लुगड्याचा पदर होती.

“मामी, तुळशीच्या मागें कोणी उभें आहे.”

“मीच ती,” त्या म्हणाल्या. “तो हंसावा म्हणून लपलें होतें.”

मग एकेक स्लाइड घालून मी त्यांना पुढें काय, मागें काय, तें सांगत गेलों, आणि त्या डाव्या डोळ्यानें रंग पाहून माझें बोलणें पुरें करीत गेल्या. त्या दिवशीं डबा संपला नाहीं. दर रविवारीं जात राहिलों, तेव्हां संपला.

श्रोतेहो, चित्रदर्शक उशिरां कां होईना, मिळतो. फूटपट्टी आणि चिकाटी असली म्हणजे पुरे. पण ज्यांच्यासाठीं तो शोधावयाचा त्यांचे डोळे आपली वाट पाहत थांबत नाहींत. म्हणून आजच माळ्यावरचा डबा खालीं काढा, एक स्लाइड मोजा, आणि घरांतल्या वडील माणसांना विचारा कीं हें कशांतून पाहत होतां. आणि आवराआवरीच्या वेळीं एखादी काळी, जड, मोडकी दुर्बीण हातीं आली तर ती पोत्यांत टाकण्यापूर्वीं तेवढेंच विचारा.